कोणत्या कामाला कोणते दार?

तेरखेड्याच्या आमच्या वर्गाला एक मावशी येतात. वय साठीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी अंगठा लावत होत्या. आता सही करतात, पाटीवरची अक्षरे वाचतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीवरचा हातपंप बंद पडला. बायाबापड्यांना लांबून पाणी आणावे लागे. मावशींनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. एस.टी.चे अर्धे तिकीट काढून त्या तालुक्याला गेल्या. एका कचेरीत सांगितले, "हे काम आमचे नाही." दुसऱ्या कचेरीत सांगितले, "आधी गावातून कागद आणा." दिवस गेला. मजुरी बुडाली. अर्ज पिशवीतच राहिला.

संध्याकाळी वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "मला लिवता येतंय आता. पण लिवलेला कागद कुणाच्या हातात द्यायचा, ते कुठं लिवलंय?"

मावशींचा प्रश्न खरा आहे. लिहिणे-वाचणे शिकलो म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे गावचा कारभार कसा चालतो ते समजून घेणे. म्हणून या पाठात आपण तेच पाहू. कोणत्या कामाला कोणते दार, आणि त्या दाराची किल्ली कुणाकडे?

दोन दोऱ्या

आपल्या गावातून वर जिल्ह्यापर्यंत कारभाराच्या दोन दोऱ्या जातात.

पहिली दोरी लोकांची. ती मतदानाने विणलेली आहे. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद. इथे आपण निवडून दिलेली माणसे बसतात.

दुसरी दोरी सरकारच्या महसूल खात्याची. गावात तलाठी, तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला जिल्हाधिकारी. यांना आपण निवडत नाही. सरकार त्यांची नेमणूक करते.

दोन्ही दोऱ्या आपल्या कामाच्या आहेत. पण एकीचे काम दुसरीकडे नेले, तर हेलपाटे पडतात. मावशींचे तसेच झाले.

गावचे घर : ग्रामपंचायत

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. पुढे १९९२ साली देशाच्या राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तेव्हापासून ग्रामपंचायत ही कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट राहिली नाही. ती घटनेने दिलेली संस्था झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक घेतलीच पाहिजे, असे घटना सांगते.

ग्रामपंचायतीत किती सदस्य असतात? गावाच्या लोकसंख्येवर ते ठरते. लहान गावाला ७, मोठ्या गावाला जास्तीत जास्त १७. गावाचे भाग पाडतात. त्या भागाला वॉर्ड किंवा प्रभाग म्हणतात. प्रत्येक प्रभागातले मतदार आपले सदस्य निवडतात. मत द्यायला वय १८ पूर्ण लागते, उभे राहायला २१.

सरपंच कोण निवडतो? पूर्वी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ साली कायदा बदलला आणि साऱ्या गावाने थेट सरपंच निवडायचे ठरले. २०२० साली ते मागे घेतले. २०२२ साली पुन्हा थेट निवड आली. उपसरपंच मात्र सदस्यच आपल्यातून निवडतात.

जागांत राखीव जागा असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मागासवर्ग यांना जागा आहेत. स्त्रियांना सुरुवातीला एकतृतीयांश जागा होत्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. सरपंचपदेही निम्मी स्त्रियांची आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ गावांत निवडून येते बाई आणि खुर्चीवर बसतो तिचा नवरा नाहीतर दीर. हे कायद्यात बसत नाही. मत बाईला पडले आहे. सही बाईची आहे. हिशेबात घोटाळा झाला तर जबाब बाईलाच द्यावा लागतो. मग सभेत बोलायचेही तिनेच. वाचता येत नाही म्हणून ती गप्प बसत असेल, तर तिला वर्गाची वाट दाखवावी. ती आपल्या शेजारचीच असते.

सरपंच आणि सदस्य ठरवतात. ठरलेले कामात कोण आणतो? तो सरकारी नोकर असतो. त्याला आपण ग्रामसेवक म्हणतो. २०२४ साली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असे नाव देण्याचा निर्णय झाला. गावकऱ्यांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे. सभेची नोंद लिहिणे, दप्तर सांभाळणे, जन्म-मृत्यूची नोंद करणे ही त्याची कामे. मूल जन्माला आले की २१ दिवसांच्या आत नोंद करावी. तेवढ्या दिवसांत केली तर फी पडत नाही.

गावचा पैसा

कारभार म्हणजे पैसा आलाच. ग्रामपंचायतीकडे पैसा कुठून येतो?

थोडा पैसा आपणच देतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, बाजाराची पट्टी. बाकीचा वरून येतो. केंद्र सरकारच्या वित्त आयोगाकडून येतो, राज्याच्या योजनांतून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी असे ठरवले होते, की शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले चाळीस गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे.

हे पैसे एकटा सरपंच काढू शकत नाही आणि एकटा ग्रामसेवकही काढू शकत नाही. दोघांच्या सह्या लागतात. घरातल्या पेटीला दोन कुलपे असावीत, तसे हे आहे.

आपण घरपट्टी भरतो, तेव्हा पावती घेतो. तशी गावाने केलेल्या खर्चाचीही पावती मागता येते. ती कुठे मागायची, ते पुढे येते.

तालुका आणि जिल्हा

एका गावाला सगळे झेपत नाही. दवाखाना एका गावाने कसा चालवावा? दहा गावांना जोडणारा रस्ता एकाच गावाने कसा करावा? म्हणून वरच्या दोन पायऱ्या आहेत.

१९५७ साली बळवंतराय मेहता समितीने देशाला सांगितले, की विकासाची कामे लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे द्या. मग महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांची समिती नेमली. १९६१ साली कायदा झाला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या.

तेरखेडा वाशी तालुक्यात आहे. म्हणून आपली पंचायत समिती वाशीची. तिचा प्रमुख सभापती. त्याच्याबरोबर सरकारी अधिकारी असतो, तो गटविकास अधिकारी. जिल्हा परिषद धाराशिवला. तिचा प्रमुख अध्यक्ष. त्याच्याबरोबरचा अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. जिल्ह्याचे मतदारसंघ पाडतात, त्यांना गट म्हणतात. एका गटाचे दोन गण. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य येतो, गणातून पंचायत समितीचा. म्हणून त्या निवडणुकीत आपल्याला दोन मते द्यावी लागतात.

गावची प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना ही कामे मुख्यतः जिल्हा परिषदेची. शाळेचे छप्पर गळते, तर पहिला अर्ज मुख्याध्यापकाकडे आणि ग्रामपंचायतीकडे द्यावा. त्याची प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे द्यावी.

निवडून आलेली माणसे नसली म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली. निवडणुका लांबल्या. पुढे काही वर्षे प्रशासकाने, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने कारभार पाहिला. अधिकारी काम करतो, पण तो मत मागायला आपल्या दारात येत नाही. त्याला विचारणारा आपला माणूस सभेत नसतो. मताची किंमत अशा वेळी कळते.

शहरात काय असते?

आपल्या गावचे पुष्कळ लोक कामाला शहरात जातात. तिथे ग्रामपंचायत नसते. शहराला नगरपरिषद असते. तिला लोक नगरपालिका म्हणतात. तिचा कायदा १९६५ सालचा. तिचा प्रमुख नगराध्यक्ष, सदस्य म्हणजे नगरसेवक आणि सरकारी अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी.

आपल्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा इथे नगरपरिषदा आहेत. वाशी आणि लोहारा ही गावे वाढून शहर होऊ लागली, म्हणून तिथे नगरपंचायत आहे. नगरपंचायत म्हणजे गाव आणि शहर यांमधली पायरी. पुणे, सोलापूर यांसारख्या मोठ्या शहरांना महानगरपालिका असते. तिथे महापौर आणि आयुक्त असतात.

नावे बदलली, तरी बेत एकच. एक निवडून दिलेला, एक नेमलेला. एक ठरवतो, दुसरा अंमल करतो. दोघांवर नजर ठेवायची ती मतदारांनी.

दुसरी दोरी

आता महसूल खात्याची दोरी पाहू. जमिनीचा सातबारा, वारसाची नोंद, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ही कामे तलाठ्याकडची. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी, त्याच्या वर तहसीलदार. मग प्रांत आणि जिल्हाधिकारी. रेशन कार्डाचे काम तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत असते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखलाही याच दोरीतून मिळतो.

वीज महावितरणची. भांडणतंटा, चोरी झाली तर पोलीस. गावात पोलीस पाटील असतो, तो पोलिसांना खबर देतो. तो निवडून आलेला नसतो.

तेरखेड्याचे तीन प्रश्न

आता आपल्याच गावची तीन कामे घेऊ आणि दारे शोधू.

पहिले काम हातपंपाचे. हातपंप दुरुस्त करणारे पथक पंचायत समितीकडे असते. पण मागणी ग्रामपंचायतीने करायची असते. म्हणून अर्ज आधी ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का. पोच नसेल तर अर्ज दिला नाही, असेच धरले जाते.

दुसरे काम रस्त्याचे. गावातली गल्ली, नाली, दिवे ही ग्रामपंचायतीची. पण आपल्या गावावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणजे केंद्र सरकारचा. त्याच्यावर गतिरोधक हवा, दिवा हवा, तर सरपंच स्वतः तो बसवू शकत नाही. मग सरपंच काहीच करू शकत नाही का? करू शकतो. ग्रामसभेत ठराव करून तो महामार्गाच्या कचेरीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवू शकतो. एकट्याच्या अर्जापेक्षा साऱ्या गावाच्या ठरावाला वजन जास्त.

तिसरे काम फटाक्यांचे. तेरखेडा म्हटले की लोकांना फटाका आठवतो. कित्येक घरांची चूल या धंद्यावर पेटते. पण दारूचे काम म्हणजे विस्तवाशी खेळ. इथे माणसे भाजली आहेत. म्हणून परवाना कोण देतो, हे गावाला ठाऊक असले पाहिजे. तो ग्रामपंचायत देत नाही. स्फोटक वस्तूंचा कारभार १८८४ सालापासून केंद्राच्या कायद्याखाली आला. सध्याचे नियम २००८ सालचे. माल थोडा असेल तर परवाना जिल्हाधिकारी देतात. जास्त असेल तर केंद्र सरकारचे स्फोटक खाते देते. कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेची तपासणी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याने करायची असते. कामावर जाणाऱ्या बायामाणसांनी विचारावे : परवाना आहे का? किती माल ठेवायची परवानगी आहे? एका खोलीत किती माणसांनी बसायचे? हे विचारणे म्हणजे मालकाशी वैर नव्हे. संध्याकाळी धडपणे घरी यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

एका छोट्या देशाची गोष्ट

युरोपात लक्झेंबर्ग नावाचा देश आहे. देश म्हणायचा, पण लोकवस्ती सुमारे पावणेसात लाख. आपल्या एकट्या धाराशिव जिल्ह्यात २०११ च्या गणतीत साडेसोळा लाखांवर माणसे होती. म्हणजे तो देश आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान.

एवढ्याशा देशातही सारा कारभार राजधानीतून चालत नाही. तिथे १०० कम्यून आहेत. कम्यून म्हणजे त्यांची ग्रामपंचायत समजा. गाव असो की शहर, सगळ्यांना एकच नाव. २०२३ साली चार लहान कम्यून एकत्र येऊन दोन झाल्या, म्हणून १०२ च्या १०० झाल्या. दर सहा वर्षांनी लोक कम्यूनची सभा निवडतात. कम्यूनच्या प्रमुखाला बर्गोमास्टर म्हणतात. तिथे तालुका नाही, जिल्हा परिषद नाही. कम्यूनच्या वर थेट देशाचे सरकार.

आणखी एक गोष्ट ऐका. तिथे मतदार यादीत नाव असले की मत देणे सक्तीचे आहे. फार म्हाताऱ्या माणसांना तेवढी सूट. आपल्याकडे सक्ती नाही. मत देणे, सभेला जाणे आपल्या मनावर सोडले आहे. मनावर सोडलेली गोष्ट आपण टाकून देतो की उचलून धरतो, एवढाच प्रश्न उरतो.

देश लहान असो की मोठा, गटार कुठे तुंबले आहे ते राजधानीतून दिसत नाही. ते गल्लीतल्या माणसालाच दिसते. म्हणून गावचा कारभार गावात हवा. जगभर लोकांना हे पटले आहे.

सगळ्यांत मोठे दार

आता किल्लीची गोष्ट. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. पण ग्रामसभेत सारे गाव असते. ज्याचे नाव मतदार यादीत, तो ग्रामसभेचा सभासद. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. आपण सारे जन्मभराचे सभासद आहोत.

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा झाली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा बहुतेक गावांना ठाऊक आहेत. सभेची नोटीस आधी लागते. तिच्यावर विषय लिहिलेले असतात. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी महिला सभा घ्यायची असते. पुरुषांपुढे बोलायला जीभ अडखळते, तिने तिथे मोकळेपणी बोलावे.

सभेला किती माणसे हवीत? मतदारांपैकी शंभरात पंधरा, किंवा एकूण शंभर, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. आणि पुढे ढकललेल्या सभेला संख्येची अट नसते. मग दहा-वीस माणसे बसतात आणि साऱ्या गावाचे ठरवून मोकळी होतात. घरकुल कुणाला, योजनेचा लाभ कुणाला, पैसा कोणत्या गल्लीत, हे सारे तिथे ठरते. आपण गेलो नाही, म्हणून आपल्याला विचारले नाही. यात दोष कुणाचा?

ग्रामसभेत काय विचारता येते? मागच्या वर्षी किती पैसा आला, किती खर्च झाला, पुढच्या वर्षी काय करणार. ठराव मांडता येतो. तो वहीत लिहिला गेला का, ते वाचून पाहता येते. सभेत उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करता येतो. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लावायचे. साधारण तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

एकट्याने विचारले तर लोक त्याला भांडखोर म्हणतात. दहा जणांनी विचारले तर तो गावाचा प्रश्न होतो. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगाच पडलेली नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. आपल्यासारखाच कोरडा मुलूख. पोटासाठी माणसे गाव सोडून जात होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने ग्रामसभेत बसून ठरवले : झाड तोडायचे नाही, जनावर डोंगरावर मोकळे सोडायचे नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. पाऊस किती पडला ते मोजायचे आणि त्यावरून पीक ठरवायचे. नियम वरून आले असते, तर लोकांनी पळवाट शोधली असती. स्वतः हात वर करून केलेला नियम मोडायला माणूस लाजतो. पाणी वाढले, गेलेली घरे परत आली. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण ते काम एका माणसाचे नव्हते. ते सभेत बसलेल्या गावाचे होते.

मावशींचा अर्ज

आता मावशींचे पुढे काय झाले, ते सांगून पाठ संपवू.

वर्गात आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचा अर्ज पुन्हा वाचला. वर तहसीलदारांचे नाव होते. ते खोडून सरपंचांचे घातले. दोन प्रती केल्या. एक ग्रामपंचायतीत दिली, दुसरीवर पोच घेतली. मग ग्रामसभेची नोटीस लागली. ती मावशींनी बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून वाचली. वस्तीवरच्या चौदा बाया बरोबर घेऊन त्या सभेला गेल्या. हजेरीच्या वहीत त्यांनी सही केली. नंतर उभ्या राहून विचारले, "आमच्या पंपाचा विषय वहीत लिवला का? लिवला असंल तर वाचून दावा."

लिहिलेला नव्हता. मग लिहिला. ठरावाला नंबर पडला. तो नंबर मावशींनी आपल्या वहीत उतरवून घेतला.

पंप दुसऱ्या दिवशी सुरू झाला नाही. त्याला आणखी महिना गेला आणि दोनदा आठवण द्यावी लागली. पण त्या महिन्यात मावशींनी एकही हेलपाटा वाया घातला नाही. कागद कुणाच्या टेबलावर आहे, ते त्यांना ठाऊक होते.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की आपणही ती वाचू. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवू. आणि त्या दिवशी कामातून दोन तास काढून सभेत जाऊन बसू.